बाबांसाठी कापड

माझ्या वडिलांना कोट आणि टाय मिळाला तो ते गेल्यानंतर. हयातीत त्यांनी उसाच्या गाळपाच्या हंगामात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि हंगाम संपला की पांढरा सदरा, याखेरीज काही अंगात घातलं नव्हतं. कसबा बावड्यात साखर कारखान्यात ते पोत्यांची तोंडं शिवायचे. पोतं भरून आलं की दाभणात सुतळी ओवून त्याचं तोंड बंद करायचं, एवढंच काम. पुढे शिवायचं मशीन आलं, मग ते मशीन हातात धरून उभे राहिले. या कामाला कोट लागत नाही.

त्यांचा एकट्याचा फोटो म्हणजे कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. धाकट्या भावाने तो एका स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला. मोठा केल्यावर त्यात नाकडोळे फारसे उरले नाहीत, म्हणून त्याने चेहरा गुळगुळीत केला, रंग उजळ केला आणि गळ्याखाली निळा कोट आणि लाल टाय बसवला. आमच्याकडे माणूस गेला की त्याला कोट चढवायची पद्धतच पडली आहे. आमच्या गल्लीत असे चार कोटवाले आजोबा आहेत आणि त्यातल्या तिघांचा कोट एकच आहे.

आईने फोटो दोन्ही हातांत धरून बघितला.

"ह्यो कोण सायेब?"

"आई, बाबा हायत की," भाऊ म्हणाला.

"असतील," असं म्हणून तिने तो भिंतीवर लावू दिला.

माझं घर राजारामपुरीत. पण बाबा गेल्यापासून आठवड्यातले चार दिवस मी बावड्यात आईकडे असते. जूनमधली गोष्ट. सकाळी मी चहा गाळत होते आणि आई लसूण सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यो फोटो काढ बाई भिंतीवरनं. त्येला बघून बघून मला त्येंचं खरं तोंड आठवंना झालंय. डोळं मिटलं की ह्यो कोटवालाच येतोय."

कुकरची रिंग गेली, नवी आण, असं सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.  साठ वर्षांचा संसार, आणि एका स्टुडिओवाल्याने तो वर्षाच्या आत पुसत आणला होता. मी फोटो काढून कपाटावर पालथा ठेवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. आई मग त्या डागाकडे बघत बसायला लागली, आणि ते काही जास्त बरं नव्हतं.

मी तीस वर्षं जयसिंगपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आहे. घराण्यात चित्रकार म्हणून माझा लौकिक आहे, कारण घराण्यात दुसरं कुणी चित्र काढत नाही. मी आईला म्हटलं, मी काढते बाबांना. ऑगस्टमध्ये बाबांना जाऊन वर्ष होणार होतं, त्याचं पुण्यानुमोदन होतं. भंतेजी येतील, पाहुणे येतील, तेव्हा भिंतीवर माझे बाबा असतील, कोटवाले नाही. आई म्हणाली, "बघ जमतंय का."

न जमण्याची शक्यता मला चांगलीच ठाऊक होती. डिप्लोमा झाल्यापासून मी माणसाचा चेहरा म्हणून काढलेला नव्हता. तीस वर्षांत मी मुलांकडून फुलदाणी, पतंग उडवणारी मुलं आणि आमची सहल काढून घेतली, तीही कागदावर. भीती वाटली की माणूस सामानाकडे वळतो. मी कॅनव्हासच्या मागे लागले. कापड चांगलं मिळालं की चेहरा येईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

पहिला कॅनव्हास तयार आणला, चौकटीवर ताणलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. मागून पाहिलं तर निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर. टिचकी मारली की ठण्ण आवाज. वीण इतकी एकसारखी की धागा आहे असं सांगावं लागेल. त्यावर ब्रश कुठे अडतच नव्हता. आठवडाभर खपून मी बाबा काढले आणि आईसमोर धरले.

"ह्यो त्या कोटवाल्याचा भाऊ दिसतोय," आई म्हणाली.

मला राग आला, पण तो तिचा नाही, कापडाचा. गुळगुळीत कापडावर माणूस गुळगुळीतच येतो. मी ठरवलं, आता विकतचं तयार काही नको. आपण मांजरपाट आणू, स्वतः ताणू, स्वतः अस्तर देऊ. शिकताना आम्ही तसंच करायचो.

महाद्वार रोडवर एक जुनं कापडाचं दुकान आहे. गादीवर साठीचे एक गृहस्थ बसले होते. मी मांजरपाट मागितला.

"कशाला पायजे ताई? परकराला का गादीला?"

"चित्र काढायला."

"कापडावर?"

"हो."

"धुतल्यावर जातंय की मग ते."

"धुवायचं नाही. भिंतीवर लावायचंय."

त्यांनी थोडा विचार केला. "मग पडदा म्हणा की," ते म्हणाले आणि एक ठाण काढलं.

मी ते उजेडाला धरलं. उभा आणि आडवा धागा सारख्याच जाडीचा हवा. एक जाड आणि एक बारीक असेल तर ताणताना कापड एकीकडे ओढतं. गाठी नकोत, कारण रंगाखाली गाठ बरोबर गालावर नाहीतर नाकावर येते. मग दोन कोपरे धरून तिरकं ओढून बघायचं. फार ओढलं गेलं तर वीण सैल आहे. खळ किती आहे ते दोन बोटांत चोळून कळतं, पांढरी भुकटी पडली की समजायचं, वजन खळीचं आहे, सुताचं नाही. हे सगळं मी सहा ठाणांवर केलं. दुकानात परकराच्या कापडासाठी आलेल्या दोन बायका माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनीही आपलं कापड उजेडाला धरून बघायला सुरुवात केली. दुकानदारांना ते काही आवडलं नाही.

"कुणाचं चित्र म्हणायचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"वडिलांचं."

"हायत का?"

"नाहीत. गेले."

 त्यांनी समोरची सहाही ठाणं गुंडाळून बाजूला सारली आणि खालच्या फळीवरून एक जाड, पिवळसर ठाण काढलं. "मग ह्ये घ्या. ह्ये टिकंल," ते म्हणाले. हे आधी का दाखवलं नाही, असं मी विचारलं नाही. परकरासाठी ते फारच जाड होतं.

कापड ताणण्याआधी धुवून आटवून घ्यावं लागतं. मी आईला तेवढंच सांगितलं. आईने ते धुतलं, पिळलं, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याला नीळ घालून खळ दिली. बाबांच्या सदऱ्यांना ती तशीच द्यायची. संध्याकाळी मी आले तेव्हा दोरीवर माझा कॅनव्हास निळसर पांढरा, पापडासारखा कडक वाळत होता आणि आई इस्त्री शोधत होती. तिचं काही चुकलं होतं असं तिला वाटलं नाही आणि मी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी तो परत दोनदा गरम पाण्यातून काढला.

सुताराकडून चौकट करून घेतली, कापड ताणून खिळे मारले, सरस दिला, पांढरं अस्तर मारलं. कापड झकास बसलं. मग बाहेर आठ दिवस पावसाची झड लागली. आमच्याकडे त्या दिवसांत मीठ ओलं होतं, काडेपेटी ओली होते, आणि सुती कापड तर हवेतला ओलावा पिऊन ढिलं पडतंच. मी सकाळी पाचर ठोकून कापड ताणायची, दुपारी ते पुन्हा पोटात गेलेलं असायचं. अशा झोळ पडलेल्या कापडावर मी बाबा काढत होते. तैलरंग त्या हवेत वाळायचं नाव घेईनात म्हणून ॲक्रिलिकवर आले. गाल बरोबर काढले तरी दुसऱ्या दिवशी बसलेले दिसायचे. कापडच तिथे आत गेलेलं होतं.

या वेळी आईने चित्र बराच वेळ बघितलं. मला आशा वाटली.

"ह्ये त्येंचंच हाय," ती म्हणाली. "पण ह्ये दवाखान्यातलं तोंड हाय. शेवटच्या चार दिसांतलं. ह्ये नको लावू."

मी ते चित्र उतरवून मागच्या खोलीत ठेवलं. त्या रात्री मला झोप आली नाही, त्यात कापडाचा काही दोष नव्हता.

मग मी लिननच्या मागे लागले. चांगल्या चित्राला लिननच लागतं हे मी मुलांनाही सांगत आले होते, कधीही लिननवर चित्र न काढता. शहरात मिळालं ते शर्टाचं लिनन, बारीक सुताचं, अर्धं भलतंच काही मिसळलेलं. बाहेरून मागवायचं तर पोचायला दिवस लागणार. मी फोनवर दुकानं पालथी घालत होते ते आई ऐकत होती. पुण्यानुमोदनाला तेरा दिवस उरले होते.

"कापडच बघाय लागलीस," ती म्हणाली. "तोंड कधी काढणार?"

 ती गहू निवडत बसली होती. मी तिच्या नजरेला नजर देण्याचं टाळत खाली बघितलं, आणि ती कशावर बसली आहे ते मला दिसलं. चौपदरी घडी घातलेलं साखरेचं तागाचं पोतं.

ते पोतं मला माहीत होतं. बाबांच्या शेवटच्या हंगामानंतर कामगारांना दिवाळीची साखर मिळाली, तेव्हाचं ते. त्याचं तोंड बाबांनी मशीन बाजूला ठेवून मुद्दाम हाताने शिवलं होतं. घरी आल्यावर कुणालाही त्याला कात्री लावू दिली नाही. सुतळीची दोन टोकं असतात. त्यातलं योग्य टोक धरून ओढलं की सगळी शिवण एका दमात उसवते, आणि चुकीचं ओढलं की गाठ बसते. ते टोक फक्त त्यांना कळायचं. सरर्र करून शिवण उसवली, सुतळी बोटांभोवती गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाले, "झालं, नोकरी संपली." आम्ही हसलो होतो. ते हसले नव्हते.

"उठ जरा," मी आईला म्हटलं.

"काय झालं?"

"पोतं दे."

"पोत्यावर काढणार?"

"काढू का?"

ती उठली. गव्हाचं सूप बाजूला ठेवलं, पोतं झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

ताग चित्राला वाईट, हे मला माहीत होतं. काळा पडतो, ठिसूळ होतो, वीण जाळीसारखी असते, पुढच्या पिढ्यांपर्यंत चित्र टिकत नाही. पण मला पुढच्या पिढ्यांची चिंता नव्हती. आई ब्याऐंशीची होती.

"धुवून घेऊ का?" मी विचारलं.

"नको. धुतलं की वास जातोय."

पोत्याला अजून वास होता, गोडसर, जुना, थोडा उंदराचाही असेल. मी नाही धुतलं. उसवून, मागून काठीने झोडून ते चौकटीवर ठोकलं. सरसाचा पहिला हात जाळीतून सरळ खाली वर्तमानपत्रावर गेला. अस्तराचा पहिला हातही गेला. तिसऱ्या हाताला पोत्याने हार मानली. तरी कापड खरबरीतच राहिलं. बारीक ब्रश त्यावर चालेना, पापण्या, केस, सुरकुत्या काहीच काढता येईना. मी रुंद ब्रश आणि चाकू घेतला आणि चार दिवसांत चेहरा उभा केला. खाकी शर्टासाठी रंग फार लागला नाही, पोत्याचा मूळ रंगच पुष्कळसा पुरला. मला चित्र आवडलं. ही गोष्ट मी बोलून दाखवली नाही, पण संध्याकाळी स्वतःसाठी मिसळ आणली.

पुण्यानुमोदनाच्या तीन दिवस आधी मी चित्र भिंतीवरच्या त्या चौकोनी डागावर टांगलं आणि आईला खुर्चीवर बसवलं. तिने चष्मा पुसला. बघितलं. पुन्हा पुसला.

"व्हय," ती म्हणाली. "असंच असंल."

'असंच हुतं' असं ती म्हणाली नाही. असंच असंल. लांबच्या गावचा पत्ता कुणी सांगितला तर आपण म्हणतो ना, असेल, तसं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता तिच्याकडे पडताळून बघायला काही उरलेलंच नाही. मी काहीही काढून आणलं असतं तरी ती व्हय म्हणाली असती, मला वाईट वाटू नये म्हणून. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. वाईट चित्राबद्दल रडता येतं, पण हे चित्र वाईट नव्हतं आणि तरी उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. खिडकीतून येऊन, भिंतीवरून आडवी, सरळ बाबांच्या चौकटीपाशी. चौकटीवर मागे दुमडलेल्या भागाला मी अस्तर दिलं नव्हतं. मुंग्या तिथे आत जात होत्या, बाहेर येत होत्या, आणि काही वर शर्टाच्या कॉलरपर्यंत फिरून येत होत्या. साखरेचं पोतं न धुता भिंतीवर टांगलं तर मुंग्या लागतात, हे कळायला डिप्लोमा लागत नाही. मी साखर कारखान्याच्या कामगाराची मुलगी, दोन महिने उभे-आडवे धागे तपासत होते, आणि पोत्यात साखर असते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी स्वतःला मोठ्याने दोन शिव्या दिल्या आणि मुंग्यांचा खडू शोधायला लागले.

आवाज ऐकून आई आतून आली. तिने रांग बघितली. खिडकीपासून चौकटीपर्यंत तिची नजर गेली आणि कॉलरवर थांबली.

"खडू ठेव," ती म्हणाली.

"अगं, पाहुणे येणार, चित्राला मुंग्या..."

"ठेव म्हणते न्हवं."

मी ठेवला. ती भिंतीजवळ गेली. "हंगामात त्येंचा शर्ट खुंटीला लावला की अशीच रांग यायची," ती म्हणाली. "मी म्हणायचो, शर्ट बाहेर टाका, पाण्यात बुडवा. त्ये ऐकायचं न्हाईत. सकाळी तसाच घालायचं. मुंगी मारायचं बी न्हाईत. असं फुंकायचं."

तिने कॉलरवर हळूच फुंकर मारली. मुंग्या थोड्या पांगल्या. आई मात्र तशीच ओठ पुढे काढून उभी राहिली. मग तिने बोट उचलून चित्रातल्या ओठांवर ठेवलं.

"ह्यो वठ असा न्हाय गं," ती म्हणाली. "खालचा जाड हुता. आन् फुंकताना डावा डोळा बारीक व्हायचा. हितं भुवईत चीर हुती, दाभण लागलतं एकदा. तिथं केस उगवलंच न्हाईत परत. ती कुठाय?"

ती कुठेच नव्हती. ओळखपत्राच्या फोटोत ती दिसत नव्हती, म्हणून मी काढली नव्हती. ती चीर मी लहानपणापासून बाबा जाईपर्यंत रोज बघितली होती, आणि विसरले होते. आईचं विसरणं मी दोन महिने काळजीने बघत होते. माझं मला माहीतच नव्हतं.

मी चित्र खाली घेतलं आणि रंग पुन्हा बाहेर काढले. आईने खुर्ची अगदी जवळ ओढली. एरवी मला कुणी शेजारी बसून सूचना दिलेलं खपत नाही. त्या दिवशी खपलं. ओठ जाड कर. एवढा न्हाय. कान जरा बाहेर, वारं लागल्यागत. हनुवटीला खळगा हाय बघ, दाढी करताना तिथं कायम राहायचं थोडं. ती डोळे मिटायची, उघडायची आणि सांगायची. डोळे मिटल्यावर कोण येतंय, हे मी विचारलं नाही. जेवायची वेळ टळून गेली. मुंग्या चौकटीच्या कडेने आपलं काम करत होत्या, दोनतीन रंगात अडकल्या त्या मी चाकूच्या टोकाने उचलून बाहेर सोडल्या.

तीनच्या सुमारास आई मागे टेकली.

"हां," ती म्हणाली. "आलं."

एवढं म्हणून ती भात टाकायला उठली. मी ब्रश धुतले. 

पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, पाहुणे आले, घर भरलं. कोटवाला फोटो भाऊ स्वतःच्या घरी घेऊन गेला होता, त्याच्या हॉलमध्ये तो शोभतो. वंदना झाल्यावर भाऊ चित्रासमोर उभा राहिला, नीट बघत राहिला, आणि त्याने रुमाल काढून डोळे पुसले. मग त्याचं लक्ष खाली गेलं आणि तोच रुमाल घेऊन तो वाकला.

"आई, मुंग्या लागल्यात गं. पुसून घेऊ का?"

महिना ऑगस्टचा. कारखान्याचं गाळप बंद होऊन चार महिने झाले होते आणि आमच्या खिडकीतून त्याची चिमणी गार दिसत होती.

"राहू दे," आई म्हणाली. "हंगाम चालू हाय."